लंबूच्या नावेचा सिलिंडर

१४ मार्च

ताई,

पत्राच्या सुरुवातीला पाया पडतो असं लिहायचं असतं म्हणे. तू समोर असतीस तर मी वाकायच्या आत पाठीत गुद्दा घातला असतास. तो मिळाला असं धरून पुढे लिहितो. अक्षर लागलं नाही तर अप्पांना दाखवू नकोस. चौथीत शाळा सोडलीस तेव्हाच सांगत होतो, असं म्हणायला त्यांना निमित्त नको.

पोचलो. ट्रकवाल्याने वाटेत तीनदा टायर बदलायला लावला आणि तीनदा म्हणाला, बरं झालं तुला घेतलं. इथलं वर्कशॉप म्हणजे आपल्यासारखी वीस दुकानं एका छपराखाली. मला होनिंगवर उभं केलंय. सिलिंडर कापून येतो, त्याला आतून दगड फिरवायचा, तिरप्या रेघांची जाळी पाडायची की तेल धरून राहील. दिवसाला तीस नग. मुकादमाला सगळे चष्मा म्हणतात, कारण त्याला चष्मा आहे आणि तो लावत नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, चार पॉइंट वर आहे. तो म्हणाला, पॉइंट काय, शतांश म्हण. मी म्हटलं, साहेब, मिलिमीटरचे शंभर तुकडे आणि त्यातला एक, तुम्ही त्याला काहीही म्हणा, चार वर आहे. मोजलं तर चारच निघाले. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलतो.

आपल्या फडक्याची पद्धत यांना सांगितली. दगड फिरवून झाला की सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने ब्रशने घासायचा, मग पांढरं फडकं तेलात बुडवून आतून फिरवायचं, काळं आलं की परत घासायचं, आणि ज्या फडक्यावर काही उमटलं नाही तेच सिलिंडरला बांधून ठेवायचं, म्हणजे जोडणाऱ्याला विचारावं लागत नाही. सगळे हसले. म्हणाले, तुमच्याकडे सिलिंडरला मुंडावळ्या पण बांधतात का?

अप्पांना सांग, भांडण माझ्याकडून संपलं. त्यांच्याकडून संपलं नसेल तर राहू दे. लंबूच्या नावेचा सिलिंडर पुरा करून आलोय, फडकं बांधून ठेवलंय. काम अर्धवट टाकून पळाला असं म्हणू नका.

खोलीत सहा माणसं आणि चार खाटा आहेत. दोघं कायम पाळीवर, म्हणून जमतं.

तुझा,
भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

गुद्दा बाकी आहे, धरून चालू नकोस.

तू गेलास त्या संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लंबूचा सिलिंडर पुढ्यात घेऊन बसले, फडकं सोडलं, रिंगा चढवल्या, पिस्टन आत सोडला. मी पाहत होते. जाळीकडे बघून म्हणाले, "पायाला भिंगरी असली तरी हात माझाच उचललाय." तुला सांगू नकोस असंही म्हणाले, म्हणून सांगतेय.

लंबूची नाव सुरू झाली. पहिल्या फेरीला त्याने आम्हा दोघांना बसवून पलीकडे नेलं आणि परत आणलं. त्याची बायको घाटावर उभी राहून ओरडत होती, "बुडवू नका हो माझ्या माणसाला, अजून छप्पर शाकारायचंय." सगळी नाव हसली.

एक गोष्ट अप्पांसमोर बोलू शकत नाही. त्यांना मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नाहीत. हात लांब करून, मान मागे नेऊन वाचतात, मग मला म्हणतात, बघ गं बरोबर आहे का, जणू माझीच परीक्षा घेतायत. लंबूचा सिलिंडर कापला तेव्हा मी घरी नव्हते, तूच होतास. त्यांनी आकडा एकट्याने वाचला का?

लंबू म्हणतो, इंजिन तेल जास्त पितंय आणि धूर निळा येतोय. अप्पा म्हणाले, नव्या रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो. तुला काय वाटतं?

ताई


९ एप्रिल

ताई,

पत्ता बदलला, खाली लिहिलाय. चष्म्याशी नाही भांडलो, उगाच कंटाळा आला. इथे बंदराजवळ लहान दुकान आहे, फुटलेली इंजिनं उघडायचं काम. कुणाचं काय चुकलं ते पिस्टनवर लिहिलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. हे वाचायला चौथी पुरते.

आकडा अप्पांनीच वाचला. मीही शेजारून पाहिला होता. ऐंशी मिलिमीटर आणि वर पन्नास पॉइंट. बरोबर होता. उगाच त्यांच्या डोळ्यांमागे लागू नकोस.

धुराचं म्हणशील तर रिंगा बसत असतील. पण लंबूला म्हणावं तेल बदल. महिना भरायची वाट बघू नकोस, पत्र मिळाल्याबरोबर बदल, आठ दिवस चालव, परत बदल. जुनं तेल कापडावर ओतून बघ म्हणावं, खाली काही राहतंय का. आणि तोवर जास्त माणसं भरू नकोस म्हणावं. मी सांगितलं म्हणून नको सांगूस, तू आपणहून सांग. त्या दिवशी घाई होती जरा.

असो. इथे मासे इतके वास मारतात की स्वप्नातही नाक धरतो.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

लंबू गेला. २६ तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला नाव मधोमध असताना इंजिन बंद पडलं. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, त्याची कुणाला कल्पना नव्हती. नऊ माणसं होती. लंबूने दोरी ओढून ओढून पाहिली, मग वल्हं घेतलं. बंधाऱ्याच्या कठड्यावर नाव आडवी लागली. सात जणांना लोकांनी काठावरून दोर टाकून ओढलं. लंबू आणि पलीकडच्या शाळेच्या बाई कठड्यावरून खाली गेले. बाई त्याच दिवशी मिळाल्या. लंबू तिसऱ्या दिवशी.

त्याची बायको त्याला ओळखायला गेली तेव्हा मी तिच्यासोबत होते. याहून जास्त लिहीत नाही.

आता तू नीट वाच. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तेल बदलायचं लंबूला सांगितलं. तो अप्पांना विचारायला आला. अप्पा मला म्हणाले, "ज्या सिलिंडरला माझ्या पोराने फडकं बांधलंय, त्याचं तेल आठ दिवसांत फेकायचं? लोक काय म्हणतील, यांच्याच कामावर यांचा भरवसा नाही?" लंबू हसला आणि परत गेला. तेल बदललं नाही.

अप्पा तेव्हापासून एकच घोकतायत. पाच पॉइंट जास्त वाचले असतील, पिस्टनला मोकळीक कमी पडली, तापून फुगला आणि आत धरला. म्हणतात, माझे डोळे गेलेत हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. दुकानाला आतून कडी लावून बसतात. चौकशी लागली आहे. चौकशीच्या साहेबाने विचारलं तर सगळं माझ्यावर घेणार म्हणतात.

तू म्हणतोस आकडा बरोबर होता. हे तू येऊन सांग. मोजताना शेजारी तू एकटाच होतास.

ताई


१६ मे

ताई,

पत्र मिळालं. चार दिवस काही खाल्लं नाही, म्हणजे खाल्लं पण कळलं नाही.

लंबूने मला पोहायला शिकवलं होतं. त्याला पोहता येत होतं ना गं?

आकडा बरोबर होता, पत्रात लिहिलंय, ते पत्र साहेबाला दाखव. पिस्टनच खराब असेल. हल्ली ओतकाम कसलंही येतं. नाहीतर तेलच हलकं असेल. दहा कारणं असतात. अप्पांना म्हणावं उगाच आपल्या अंगावर ओढून घेऊ नका.

यायला जमणार नाही. इथे नवीन आहे, सुट्टी मागितली तर परत घेणार नाहीत. शिवाय मी येऊन काय सांगणार, जे लिहिलंय तेच.

लंबूच्या घरी वहिनीला भेटलीस तर माझं नाव काढू नकोस.

भिंगरी


२७ मे

भिंगरी,

नाव काठाला आणली. साहेबाच्या माणसांनी इंजिन उतरवून आपल्याच दुकानात ठेवलं, सील लावलं आणि सांगितलं, आमचा माणूस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. माणूस आला, त्याला हेड कसं काढतात ते ठाऊक नव्हतं. अप्पा आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार नाहीत. म्हणून त्याच्यासमोर मी उघडलं. तो खुर्चीवर बसून चहा पीत होता.

तू म्हणतोस ना, पिस्टनवर लिहिलेलं असतं. मीही वाचलं. तुझ्याएवढी शाळा माझीही झाली आहे, आणि वर तीन वर्षं जास्त.

मोकळीक कमी पडून धरला असता तर पिस्टनच्या एका बाजूचं ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला थापलेलं दिसलं असतं. तसं काही नाही. पिस्टन सगळीकडून सारखा, राखेसारखा मळकट, वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा. रिंगा निम्म्या झिजलेल्या, टोकांमधल्या फटीत माझं नख जातं. तो धरला नाही रे. झिजून झिजून त्याच्यात दमच उरला नव्हता.

मग सिलिंडर पुसला आणि मोजला. अप्पा शिकवतात तसा, वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभा आणि आडवा. सहा आकडे. वर दोन्हीकडे अडुसष्ट पॉइंट. मध्ये एकसष्ट, साठ. सात आठवड्यांत झाली इतकी झीज सात वर्षांतही होत नाही. आणि अगदी तळाशी, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे पन्नास. उभा पन्नास, आडवा पन्नास. अप्पांनी कापला तेव्हा जसा होता तसाच. त्यांनी एक पॉइंटही चुकीचा वाचला नव्हता.

मी ते गेज हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. तो माणूस म्हणाला, झालं का बाई?

पिस्टनला हातात घेऊन उन्हात तिरका धरला. मऊ धातूत बारीक कण रुतलेत, चमकतात. ते नदीतले नाहीत, नदीची वाळू गोल असते. दगडाचे आहेत. होनिंगच्या दगडाचे.

त्या माणसाला मी काही बोलले नाही. अप्पांनाही नाही. चौकशीची तारीख २० जून. अप्पा त्या दिवशी सही करणार, की आकडा मी चुकीचा वाचला. टपालाला नऊ दिवस लागतात. तुझ्या हातात हे पाच तारखेपर्यंत पडेल.

फडकं कुणी बांधलं ते मला माहीत आहे. बांधण्याआधी काय केलंस, तेवढं लिही. ओतकाम आणि तेल मला सांगू नकोस.

ताई


१४ जून

ताई,

तुझं पत्र पाच तारखेलाच मिळालं. नऊ दिवस खिशात घेऊन फिरतोय. त्या दिवशी लिहिलं असतं तर आज तुझ्या हातात असतं. हेही माझ्या चुकांतच लिहून ठेव.

त्या सकाळी अप्पांनी मला जाळी दोनदा पाडायला लावली. पहिली बरोबर होती असं मी म्हणालो. ते म्हणाले, "रेघा सपाट आल्यात, तुझ्या हाताला थारा नाही, जसा तुझ्या पायांना नाही." दुसऱ्यांदा पाडली. त्यांना दाखवली, त्यांनी आकडा घेतला, मी शेजारून पाहिला, पन्नास. मग ते घरात गेले. ट्रकवाला कोपऱ्यावर भोंगा वाजवत होता. पाणी तापवायचं होतं, साबण, ब्रश, फडकी, पाऊण तास लागला असता. ट्रकवाला पाच मिनिटं म्हणत होता.

मी रॉकेल ओतलं आणि बोळ्याने पुसलं. रॉकेलने तेल निघतं आणि सिलिंडर आरशासारखा दिसतो. दगडाची पूड मात्र रेघांमध्ये तशीच बसून राहते, ती साबणाच्या फेसाशिवाय वर येत नाही. हे मला माहीत होतं ताई. मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून अप्पांनी तो ब्रश माझ्या हातात दिलाय.

मग खणातून नवं फडकं काढलं आणि बांधलं. आत घातलं नाही. घातलं असतं तर काळं आलं असतं.

मला वाटलं, अप्पा जोडण्याआधी एकदा पुसतीलच. दुसऱ्या कुणाच्याही कामाला ते स्वतःचं फडकं घालून बघतात. माझ्याही वेळी बघतील, त्यांना काळं दिसेल, ते शिव्या घालतील आणि धुतील. मी तोवर चाळीस मैलांवर असेन. खरं सांगू का, त्यांनी शिव्या घालाव्या असंच मला वाटत होतं. त्यांनी माझ्या फडक्यावर विश्वास ठेवला, तो नेमका त्याच दिवशी.

अजून एक आहे. बंदराच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात असा एक पिस्टन उघडला, मळकट, रेघांचा. मालक म्हणाला, कुणीतरी न धुता जोडलाय, हा इंजिनाला आतून खातो. मी त्याच संध्याकाळी तुझं धुराचं पत्र परत वाचलं. म्हणजे नऊ एप्रिलला मला ठाऊक होतं. एक ओळ लिहायची होती, इंजिन खोला, मी धुतलं नाही. त्याऐवजी तेल बदला लिहिलं, आणि खाली माशांचा विनोद केला. अप्पांनी "माहीतच होतं" म्हणू नये, एवढ्यासाठी.

हे पत्र साहेबाला दे. सही करतो, पूर्ण नाव वेगळ्या कागदावर लिहून जोडलंय. अप्पांना सही करू देऊ नकोस.

भिंगरी


२४ जून

भिंगरी,

पत्र काल मिळालं. अप्पांनी वीस तारखेला सही केली.

मी तिथे उभी राहून सहा आकडे सांगितले. साहेब म्हणाले, मुलगी बापाला वाचवणारच. मग अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "मुलीला समज कमी आहे. माझे डोळे गेलेत." साहेबाने त्यांच्यासमोर मायक्रोमीटर धरला आणि वाचायला लावला. त्यांनी चुकीचा वाचला. मुद्दाम की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. खटला उभा राहील. दुकानाला बाहेरून कुलूप पडलंय.

काल तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. नको वाटत होतं, कारण गेले दोन महिने त्यांच्याजवळ एकच चांगली गोष्ट होती, की पोराचं काम चोख होतं. पण मी किती माणसांपासून किती लपवू?

ते ऐकत होते. रॉकेलचा भाग पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तळाशी किती निघाले म्हणालीस?" मी म्हटलं, पन्नास. "आडवे?" पन्नास. मग परत, "तळाशी किती?" काल दिवसभरात अकरा वेळा विचारलं. आज सकाळी चहा दिला तर कप धरून तेच.

पत्र साहेबाकडे नेते म्हटलं तर उठून दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "जोडणारा मी. फडकं मी सोडलं, आत बोट घातलं नाही. त्याचं आयुष्य पडलंय, माझ्या डोळ्यांत काय उरलंय?" मी म्हटलं, आणि लंबूचं आयुष्य? ते खाली बसले.

त्यांना विचारून मी काही करणार नव्हतेच. दुपारी लंबूच्या बायकोकडे गेले. ती रोज आपल्या दुकानावरून जाते, दारावर थुंकते आणि पुढे जाते. अप्पा खिडकीतून बघतात आणि खिडकी लावत नाहीत. तिला वाचता येत नाही, मीच तुझं सगळं पत्र वाचलं. माशांचा विनोदही. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मी दोन महिने चुकीच्या दारावर थुंकतेय?" मग म्हणाली, "हे तू वाचलंस. तुझ्या आवाजात ऐकलं मी. तुझ्या भावाचा आवाज मला माहितेय, रोज नाव सुटली की माझ्या माणसाच्या नावेतून मला हाक मारायचा, वहिनी, पैलतीर, पैलतीर करून. त्या आवाजात ऐकल्याशिवाय मी कुणालाच काही म्हणणार नाही. ना तुझ्या बापाला, ना त्याला."

साहेबाकडे तुझं पत्र मी अजून दिलेलं नाही. भीती वाटते म्हणून नाही. तू आलास तर कागदाची गरज नाही, आणि नाही आलास तर तो कागद मी स्वतः नेऊन देणार आहे, अप्पा दारात आडवे झोपले तरी. पंधरा दिवस थांबते.

सुट्टी मिळत नसेल तर तसं लिहू नकोस.

ताई


४ जुलै

ताई,

नोकरी सोडली. या वेळी कंटाळा आला म्हणून नाही.

गाडी उद्या सकाळची आहे, हे पत्र टपालाने नाही, आज रात्री निघणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय, म्हणजे माझ्याआधी तुझ्या हातात पडेल. स्टेशनवरून आधी घाटावर, वहिनीकडे. तिथून साहेबाच्या कचेरीत. घर शेवटी. कचेरीतून मला सोडलं नाही तर घराचं राहील, अप्पांना तसं सांग. तू तेवढी कचेरीपाशी ये, त्यांना सहा आकडे परत सांगायला लागतील आणि तळाचा आकडा तुझ्याइतका ठामपणे मला सांगता येणार नाही, मी रडेन.

अप्पा दारात आडवे आले तर म्हणावं, ते फडकं तुमच्या हातात मी दिलं होतं, तुम्ही माझ्या हातात नव्हतं दिलं.

इथे कालपासून काम करताना सगळं पाठ करतोय. ट्रक, रॉकेल, नवं फडकं, तेलाचं पत्र, एक गोष्ट गाळायची नाही. शेजारचा मिस्त्री म्हणाला, कसली पोथी चालवलीयेस रे? साहेबासमोर अडखळणार नाही.

वहिनीसमोर मात्र जमत नाही. ती दार उघडेल. मी हाक मारल्याशिवाय ती मान वर करणार नाही, आणि तिला हाक मारायची मला एकच पद्धत ठाऊक आहे, नावेतली.

भिंगरी